भुंगा गेला त्या हंगामात

परवा गच्चीवर कपडे वाळत घालताना वाऱ्याबरोबर मळीचा वास आला आणि मी चिमटे हातात धरून तशीच उभी राहिले. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला होता. गोडसर, आंबूस, जरा करपलेल्या काकवीसारखा हा वास संगमनेरात नव्यानं राहायला आलेल्यांना सोसत नाही. आमच्या शेजारीणबाई खिडक्या लावून घेतात आणि वर उदबत्ती लावतात. मी कोपरगावकडच्या उसात वाढले. मला हा वास आला की भूक लागते.

मग रस्त्यावर उसाच्या गाड्या दिसायला लागतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर झाडाच्या फांद्यांना घासेल एवढा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे गाणी ओरडणारा भोंगा. शाळेतून घरी जाताना माझी स्कूटर अशा गाडीमागे अडकते. माझ्याच वर्गातली पोरं मागून उसाचं कांडकं ओढतात आणि मला बघून पाठीमागे लपवतात. मी न बघितल्यासारखं करते. गणिताच्या बाईंनीही त्या वयात तेच केलेलं आहे.

दर हंगामाला हे सगळं असंच असतं. पण दोन वर्षांपूर्वीचा हंगाम माझ्या मनात वेगळा बसला आहे. त्या हंगामात आम्ही आमचा भुंगा उजळवला आणि विकला. ते दिवस मी जेवढ्या धास्तीत काढले तेवढ्या धास्तीत स्वतःची बी.एड.ची परीक्षाही दिली नसेल. धास्ती पैशांची नव्हती. पप्पांची होती.

भुंगा म्हणजे आमचा ट्रॅक्टर. विलायती बनावटीचा, लाल, नाकाडा, पुढची चाकं एकमेकांना चिकटल्यासारखी. जवळच्या एका मिशनची शेती बंद पडली तेव्हा पप्पांनी तो जुनाच विकत घेतला होता. तो पेट्रोलवर चालू व्हायचा आणि तापला की रॉकेलवर पळायचा. चालू झाला की शेजारच्या वस्तीपर्यंत एकच गुणगुण ऐकू जायची, म्हणून भुंगा. मी आणि माझा धाकटा भाऊ सुनील, दोघं त्याच्या दोन मडगार्डांवर बसून शेतात जायचो. मडगार्ड उन्हानं तापलेलं असायचं. आई बसायच्या आधी त्यावर ओला पंचा टाकायची आणि तो दोन मिनिटांत वाळायचा. पंच्याला नंतर कितीही धुतलं तरी रॉकेलचा वास यायचा, आणि त्याच पंच्यात बांधलेल्या भाकरीलाही.

त्याला बटण नव्हतं, किल्ली नव्हती. पुढून लोखंडी हँडल घालून जोरानं फिरवायचं. एका हिवाळ्यात त्या हँडलनं उलटा झटका दिला आणि पप्पांचं उजवं मनगट मोडलं. पप्पा प्लॅस्टर बांधून ओट्यावर बसलेले आणि आई डाव्या हातानं जेवणाऱ्या नवऱ्यासमोर ताट आपटत म्हणतेय, "विकून टाका ते मेलं," हे चित्र मला लख्ख आठवतं. पण आयांच्या अशा बोलण्याकडे लक्ष देण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती.

पुढे नवे ट्रॅक्टर आले, भाड्यानं मिळायला लागले, आणि भुंगा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसला तो बसलाच. त्याच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. आई रोज सकाळी तिथून अंडी गोळा करायची आणि येता येता त्याला एक चापट मारायची. ती चापट प्रेमाची होती असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

आई गेली त्याच्या पुढच्या थंडीत पप्पांची खुर्ची शेडमध्ये गेली. पप्पांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. सकाळी चहा झाला की ते कानटोपी घालून भुंग्याशेजारी जाऊन बसायचे. मागच्या मोठ्या चाकाला पाठ टेकवून डोळे मिटून घ्यायचे. सुनील मला फोनवर सांगायचा, "ताई, पप्पा रोज भुंग्यापाशी बसत्यात गं." रविवारी गावी गेले की मी ओलं फडकं घेऊन भुंगा पुसायची. सुनील मधूनच त्याच्या नटांना तेल सोडायचा. आम्हाला वाटायचं, आपण पप्पांसाठी एवढं तरी करू शकतो.

त्यातच सुनीलला कुणीतरी मोबाईलवर जुन्या ट्रॅक्टरांचे व्हिडिओ पाठवले. रंग दिलेले, फुग्यांनी सजवलेले, हौशी लोकांनी वाट्टेल ती किंमत देऊन घेतलेले. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्या शेठना दारात उभा करायला तसाच एक हवा होता. सुनीलनं विहिरीपासून वरच्या रानापर्यंत पाइपलाइन करायला पैसे बाजूला ठेवले होते. ते भुंग्यात घालायचे, तो विकायचा, पाइपलाइन करायची आणि वर चार पैसे उरवायचे, असा बेत ठरला. पप्पांना त्यानं एवढंच सांगितलं की भुंगा दुरुस्त करतोय. पप्पा "बरं" म्हणाले. पुढचं सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"ताई, तूच सांग. तुझं ऐकत्यात ते."

मी वर्गात साठ पोरांना बीजगणित समजावते. पण त्या हंगामात मी दर रविवारी एसटीनं गावी जायची, शेडच्या दाराशी उभी राहायची, भुंगा गॅरेजात गेला तरी त्याच्या रिकाम्या जागेशेजारी डोळे मिटून बसलेल्या पप्पांकडे बघायची, आणि "चहा टाकू का?" एवढंच विचारून परत यायची. आई गेली, आता हाही जाणार, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? मला खरंच वाटत होतं की भुंगा ट्रकवर चढलेला पाहून पप्पा तिथेच बसकण मारतील आणि पुन्हा उठणार नाहीत.

भुंगा कोपरगावला अन्वरभाईंच्या गॅरेजात खोलला होता. पोत्यावर सगळं इंजिन पसरलेलं असायचं आणि अन्वरभाई त्यात बसून निवांत चहा प्यायचे. जुन्या वस्तूचं गणित मला तिथे कळलं, आणि ते शाळेतल्या कुठल्याच गणितासारखं नव्हतं. एक भाग काढला की त्याच्या मागचा खराब निघायचा. मागचे टायर तर एवढे महाग की सुनीलनं किंमत ऐकून दोनदा विचारलं. पिस्टन नव्यानं करून घ्यावे लागले, इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो दुरुस्तीला बाहेरगावी जाऊन आला, पुढचे दिवे भंगार बाजारात मिळाले ते एका जुन्या जीपचे निघाले.

"अन्वरभाई, अजून किती लागतील?" मी विचारलं.

"ताई, जुन्या गाडीचं आणि लग्नाचं बिल आधी विचारायचं नसतं," ते म्हणाले आणि मला चहा दिला.

वर सुनीलच्या डोक्यात आलं की भुंग्याला सेल्फ बसवायचा. बटण दाबलं की चालू. अन्वरभाई नको म्हणत होते, खर्च वाढेल, शिवाय जुनं ते जुनं राहणार नाही. पण सुनील ऐकेना. "पप्पांनी एकदा तरी हँडल न मारता चालू करावा," म्हणाला. विकायला काढलेल्या ट्रॅक्टरवर मालकाच्या मनगटासाठी खर्च करणारा माझा हा भाऊ. मी त्याला हिशेब समजावणार होते, पण तो राहूनच गेला.

भुंगा पहिल्यांदा चालू झाला तेव्हा आम्ही पप्पांना गॅरेजात घेऊन गेलो. सुनीलनं त्यांचं बोट बटणावर ठेवलं. भुंगा दोनदा खोकला, काळा धूर टाकला आणि गुणगुणायला लागला. तोच आवाज. मला एकदम ओल्या पंच्याचा वास आला. पप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी तोंड फिरवलं. आता तर सांगणं शक्यच नाही, असं मी त्या क्षणी ठरवून टाकलं.

आणि मग आला आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा, हंगामाचा सण.

आमच्या गावच्या चर्चमध्ये उसाचा हंगाम रंगात आला की एक रविवार हंगामाच्या सणाचा असतो. ज्याच्या रानात, परसात जे पिकलं ते आणायचं. ज्वारीची कणसं, भोपळे, ऊस, अंडी, एखादी कोंबडी. उपासना झाली की बाहेरच्या मांडवात त्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. या लिलावात बाजारभाव चालत नाही. लिंबू शंभर रुपयांना जातं. घेणारा पुष्कळदा ती वस्तू ज्यानं पिकवली त्यालाच परत देतो, हातात हात घेऊन "सलाम" म्हणतो, आणि तो माणूस ती मानानं घरी नेतो. परत दिलेलं कुणी नाकारत नाही. नाकारलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. दुसरा नियम लिलाव करणाऱ्या शमुवेलकाकांचा. मांडवात जे येईल ते अर्पण. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं, पण नियमाला ते पक्के होते. एका वर्षी पाहुण्या पाळकसाहेबांची छत्री त्यांनी लिलावात काढली होती आणि साहेबांना स्वतःची छत्री बोली लावून सोडवावी लागली होती.

सुनीलला वाटलं, भुंगा जाण्याआधी एकदा तरी मंडळीनं बघावा. शेठ दुसऱ्याच दिवशी येणार होते. म्हणून त्यानं भुंग्याला पुढून दोन ऊस बांधले, झेंडूची माळ घातली आणि ज्वारीची पोती ट्रॉलीत टाकून तो थेट चर्चच्या आवारात आला. सगळी पोरंटोरं मागे. आणि तिथे त्यानं ती चूक केली. नव्या रंगाला ऊन लागू नये म्हणून ट्रॉली सोडून भुंगा त्यानं मांडवाच्या सावलीत नेऊन उभा केला.

उपासना संपली. भोपळे गेले, अंडी गेली, एक कोंबडी लिलावातच सुटून पळाली ती धरून आणून विकली. मग शमुवेलकाका काठी टेकत भुंग्यापर्यंत आले, मडगार्डवर थाप मारली आणि ओरडले, "आन हा ट्रॅक्टर! आजवर असलं अर्पन आलं न्हवतं. बोला, मंडळी, बोला!"

लोक हसले. सुनील गर्दीतून धावत आला. "काका, थांबा! भुंगा अर्पनाचा न्हाई. मी नुसता सावलीला लावलाय."

"मांडवात हाय का न्हाई?"

"हाय, पन..."

"मग अर्पनच. बोला!"

कुणीतरी अकरा रुपये म्हणालं. कुणी एकावन्न. सुनीलचा चेहरा पांढरा पडला, कारण लिलाव सुरू झाल्यावर थांबवायचा नसतो आणि ज्या घरची वस्तू त्या घरानं बोली लावायची नसते. शेवटी आमच्या शेजारच्या मार्थाकाकी, ज्यांच्या गोठ्यातल्या दुधावर आम्ही दोघं वाढलो, त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. "पाचशे एक! आन आता कोनी पुढं बोलू नका, सांगून ठेवते." त्यांचा बेत सगळ्यांना कळला. काकांनी तीनदा काठी आपटली. मार्थाकाकी पप्पांपाशी गेल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सलाम, भाऊ. तुमचा भुंगा तुमाला परत."

टाळ्या पडल्या. सुनीलनं श्वास सोडला. मीही सोडला.

पप्पांनी हात मागे घेतला.

"नको गं बाई," ते म्हणाले. "लई झालं. कुनीतरी घेऊन जा त्याला."

टाळ्या अर्ध्यातच थांबल्या. आमच्या पाळकसाहेबांचे हात तसेच हवेत राहिले. सुनील म्हणाला, "पप्पा, काय बोलताय?"

"खरं तेच बोलतोय. त्यानं माझं मनगट मोडलं. पेरनीत दर टायमाला बंद पडायचा. तुजी आई मरेपर्यंत म्हनत हुती, विकून टाका."

"मग रोज सकाळी त्याच्यापाशी बसता ते?" मी विचारलं.

पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाढा चुकले. "अगं, ऊन तिथं पयलं येतं. थंडीत म्हाताऱ्यानं बसायचं तरी कुठं? आन चाकाला पाठ बरी टेकती."

मग मार्थाकाकींनाच पहिल्यांदा हसू फुटलं आणि मग कुणालाच आवरेना. शमुवेलकाका काठी धरून हसत होते. सुनील भुंग्याच्या चाकावर डोकं टेकवून हसत होता की रडत होता ते कळत नव्हतं.

"मग इतकी वर्षं बोललात का नाही?" मी विचारलं.

"तुमी दोघं त्याला किती पिरमानं पुसत हुता," पप्पा म्हणाले. "मला वाटलं, पोरांना आईची आठवन हाय ती. आन सुनीलनं एवढा पैसा घातला, आता कसं म्हनू, नको म्हनून?"

माझा जीव भांड्यात पडला. इतकी हलकी मी कितीतरी दिवसांत झाले नव्हते. जे सांगायला मी दर रविवारी एसटीची तिकिटं काढत होते, ते न सांगताच झालं. सुंठीवाचून खोकला गेला. आम्ही पप्पांसाठी भुंगा जपत होतो, पप्पा आमच्यासाठी, आणि ज्या एका बाईला तो कधीच नको होता तिचं कुणी ऐकलं नव्हतं. आईची ती सकाळची चापट मला आठवली आणि ती चापट साधी चापटच होती हे कळून आणखी हसू आलं.

कायद्यानं भुंगा आता मार्थाकाकींचा होता. त्यांनी थोडा वेळ आमची गंमत केली, "उद्यापासनं म्हशी यालाच बांधते," म्हणाल्या. मग सुनीलचा हात धरला. "घे बाबा, तुला देते. तू तरी न्हाई म्हनू नको."

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाले शेठ आले. जीपचे दिवे त्यांनी चालवून घेतले. इंजिनाकडे तर त्यांनी बघितलंही नाही. "मला कुठं नांगरायचंय?" म्हणाले. म्हणजे सुनीलचा सगळ्यात मोठा खर्च ज्यात गेला होता, त्याचा एक रुपयाही किमतीत धरला जाणार नव्हता. मग त्यांना बटण दिसलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. हँडलवर चालू होणारा पाहिजे होता, लोकांना तेच बघायचं असतं, बटण बसवून तुम्ही त्याचं जुनेपण घालवलं, असं म्हणून त्यांनी आणखी किंमत उतरवली. लावलेल्या पैशांतले ऐंशी-नव्वद हजार सरळ बुडणार होते. सुनीलनं दात आवळले. तो नाही म्हणणार, हे मला त्याच्या जबड्यावरून कळलं.

तेवढ्यात पप्पा शेडमधून आले. डाव्या हातात ते जुनं हँडल होतं.

"शेठ, हँडल बी हाय. ते बी न्या," ते म्हणाले. "आधी हँडल न्या."

शेठ हसले, थोडी रक्कम वाढवली, आणि सुनीलनं मान हलवली. भुंगा फळीवरून टेम्पोत चढला तेव्हा पप्पा ओट्यावर उभे होते. मी त्यांच्या शेजारी, बसकण मारली तर धरायला तयार. त्यांनी फक्त मनगट चोळलं आणि आत जाऊन चहा मागितला.

सुनीलची पाइपलाइन एक वर्ष पुढे गेली. त्याला मी विचारलं होतं, वाईट वाटतं का? "चार आन्याची कोंबडी आन बारा आन्याचा मसाला झाला, ताई," तो म्हणाला. "पन घरात भुंग्यावरनं कुनी कुनाला सांभाळत बसत न्हाई आता. बरं वाटतंय." आता पाइपलाइन झाली आहे आणि वरच्या रानातला ऊस याच हंगामात जाईल. भुंगा हॉटेलच्या दारात उभा आहे. त्या रस्त्यानं जाताना मी बसच्या खिडकीतून बघते. त्याच्यावर दिव्यांची माळ असते आणि कुणाची तरी पोरं मडगार्डवर बसून फोटो काढत असतात. मडगार्ड तापलं असेल का, असं मनात येतं आणि तोवर बस पुढे गेलेली असते.

गॅरेजात डोळ्यांतून आलेलं पाणी धुराचं होतं, असं पप्पा म्हणतात. तेवढं मात्र मी अजून मानलेलं नाही.

मळीचा वास आला त्या दिवशी कपडे वाळत घालून मी खाली आले आणि पप्पांना फोन लावला. कारखाना सुरू झाला का, विचारलं. झाला म्हणाले. थंडी? बरीच हाय म्हणाले. तुम्ही कुठे बसलात? शेडमध्येच.

"एकटेच?"

"व्हय," पप्पा म्हणाले. "पन तो गेल्यापासनं हितं उनात दोन खुर्च्या बसत्यात. रविवारी मोकळी असशील तर ये."